मे महिन्याचं पान

बंगळूरच्या जे. पी. नगरात, सातव्या फेजमध्ये, पुट्टेनहळ्ळीच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर एक आजोबा लेकीकडे राहत होते. मूळचे तासगाव तालुक्यातले. तिथं त्यांची तीन एकर द्राक्षबाग होती. बायको वारली, गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा बाग थोरल्या मुलाच्या हाती सोपवून ते इकडे आले. येताना फारसं काही आणलं नाही. दोन धोतरजोड्या, विरळणीची एक बारीक कात्री आणि साखरेच्या पोत्यात बांधलेल्या जुन्या वह्या. कात्री का आणली ते लेकीला कळलं. चाळीस वर्षं हातात राहिलेली वस्तू माणूस टाकत नाही. वह्या का आणल्या ते कळलं नाही. तिनं पोतं माळ्यावर टाकलं.

घरात सगळे त्यांना आबा म्हणत.

आबा रोज सकाळी तळ्याला एक फेरी मारत. तळं आजूबाजूच्या रहिवाशांनीच पुढं होऊन वाचवलेलं होतं. फेरी झाली की फाटकाजवळच्या फळांच्या गाडीपाशी ते थांबत. फेब्रुवारीत गाडीवर काळी द्राक्षं येत, चिक्कबळ्ळापूरकडची, बंगळूर ब्लू म्हणतात ती. बियांची, जाड सालीची, जराशी आंबट. आयुष्यभर बिनबियांची द्राक्षं पिकवलेल्या माणसाला पहिल्या वर्षी ती आवडली नाहीत. दुसऱ्या वर्षी आवडली. आबा घड उचलत तो देठाला धरून, मण्यांना बोट न लावता. देठ हिरवा आहे की तपकिरी पडलाय ते बघत आणि घड होता तसा परत ठेवत.

गाडीवाला पोरगा मात्र फडक्यानं एकेक घड पुसून चकचकीत करी. आबांनी त्याला एकदा सांगितलं, मण्यावरची पांढुरकी लव पुसू नको, ते औषध नव्हे, ते वेलीनं स्वतःच चढवलेलं मेण आहे, त्यानं फळ टिकतं. पोरगा हसला. म्हणाला, "अज्जा, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. गिऱ्हाइकाला चकाकी लागते." आणि त्यानं पुढचा घड उचलला.

आबांची नात शेतीची पदवी घेऊन फळं परदेशी पाठवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली होती. कचेरी जे. पी. नगरातच होती. मालाची गुणवत्ता बघणं हे तिचं काम. बागा बघायच्या, फवारणीची नोंदवही तपासायची, तपासणीचा अहवाल वाचायचा, मण्यांची जाडी मोजायची, गोडी मोजायची आणि शेवटच्या कागदावर सही करायची. सही झाली की कंटेनर हलायचा. पोरीची सही झाल्याशिवाय बोट सुटत नाही, याचं आबांना फार कौतुक होतं. चार लोकांत ते ही गोष्ट जरा वाढवूनच सांगत.

एका रात्री नात उशिरा आली. जेवली नाही. आबांच्या खोलीत येऊन खाटेच्या कडेवर बसली.

विजापूरकडची एक बाग होती. माल चांगला होता, मणी अठरा मिलिमीटरच्या वर, गोडी भरलेली. तोडणीआधी नमुना गेला होता, अहवाल स्वच्छ आला होता. माल तोडून, पॅक होऊन सांगलीकडच्या शीतगृहात थंड होत होता. परवा कंटेनर न्हावा-शेवाला निघायचा होता. तोडणीच्या दिवशी नात बागेत गेली तेव्हा मोटारीच्या खोलीमागं तिला एक रिकामी बाटली दिसली. बाटलीवर ठसठशीत नाव होतं; आत काय होतं ते कुठंच छापलेलं नव्हतं. शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "टॉनिक आहे मॅडम. दुकानदारानं दिलं. मण्याला चकाकी येते." मारलं कधी? नमुना गेल्यानंतर दोन दिवसांनी.

"मग वहीत न्हाई लिवलं?" आबांनी विचारलं.

"नाही ना. आणि त्याचंही चुकलं असं म्हणता येत नाही. वहीत कीड आणि रोगावरच्या औषधांचे रकाने आहेत. हे त्यातलं काहीच नाही. त्याला रकानाच नाही, आबा."

आबांच्या हातात चहाचा पेला होता. तो त्यांनी खाली ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मग त्यांनी २०१० सालची गोष्ट सांगितली.

त्या वेळी त्यांच्या गावाला द्राक्षं परदेशी जाण्याची नवलाई राहिली नव्हती. १९९१ साली पुण्यात महाग्रेप्स निघाली, बागायतदारांच्या सहकारी संस्था तिच्यात एकत्र आल्या, तेव्हापासून या धंद्यातल्या खाचाखोचा लोक शिकत आले होते. माल सकाळच्या गारव्यातच तोडायचा. तोडल्यावर काही तासांत त्याच्यातली उष्णता काढून घ्यायची. पेटीत गंधकाच्या धुरीचा कागद घालायचा, म्हणजे बुरशी धरत नाही. मग शून्य अंशाच्या आसपास ठेवून समुद्रातले तीनेक आठवडे काढायचे. फळ झाडावरून तुटलं तरी जिवंत असतं, श्वास घेतं. त्याला झोपवून न्यायचं असतं. आबा हे असंच सांगत, झोपवून न्यायचं असतं.

२००३ साली हॉलंडमध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि नवा धडा सुरू झाला. नुसतं गोड आणि टपोरं असून भागेना. मालाच्या आत काय आहे, ते दाखवायची वेळ आली. बागेची नोंदणी आली, नोंदवही आली, तोडणीआधी नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवणं आलं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांचं या तपासणीवर लक्ष राहू लागलं. २००६ साली शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेनं ग्रेपनेट सुरू केलं. मग तर पेटीवरच्या आकड्यांवरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. आबांना याची भीती नाही वाटली, अभिमान वाटला. म्हणाले, "रॉटरडॅमचा माणूस पेटी बघून आपल्या बांधापर्यंत येतो. पावण्यासाठी अंगण झाडून ठिवायला नको व्हय?"

म्हणून ते वही नेटकी लिहीत. तारीख, औषध, कशासाठी मारलं, किती मारलं, तोडणीला किती दिवस राहिले. आजींना अक्षरओळख नव्हती. पण फवारणीचा पंप धुवून पालथा घातलेला दिसला की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "लिवलं का?" आबा म्हणत, लिवलं. तेवढ्यावर त्यांचं समाधान होई.

२००९ च्या एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली. मे महिन्यात फुटी जोरात आल्या. द्राक्षाच्या वेलीचं एक गुपित आहे, ते बागायतदाराला ठाऊक असतं, खाणाऱ्याला नसतं. फेब्रुवारीत जो घड तुमच्या हातात येतो तो आदल्या उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात बसलेला असतो. ऑक्टोबरात छाटणी करून आपण त्याला फक्त बाहेर बोलावतो. मे महिन्यात वेल नुसती पाल्यानं माजली तर डोळ्यात घड बसत नाही. म्हणून पाच पानांवर फूट आली की तिची वाढ रोखायला एक औषध मारत. सगळेच मारत, वर्षानुवर्षं मारत. सीसीसी म्हणत त्याला. आबांनीही मारलं.

संध्याकाळी पंप पालथा पडला. आजींनी विचारलं, "लिवलं का?"

आबा म्हणाले, "ह्याला रकाना न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे हे रोगावरचं न्हाई, किडीवरचं न्हाई. येलीवर घड न्हाई, मणी न्हाई. तोडणीला नऊ म्हैनं हाईत. कुणी इचारत न्हाई ह्याचं."

आजी थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "मग बाजूच्या मोकळ्या जागंत लिवा."

आबा हसले आणि हातपाय धुवायला गेले.

पुढं सगळं रीतीनं झालं. ऑक्टोबरात छाटणी झाली. घड बाहेर आले. बायका रांगेनं बसून बारीक कात्र्यांनी विरळणी करत गेल्या, दाट घडातले मणी काढून उरलेल्यांना फुगायला जागा करत गेल्या. केवडा, भुरी हे रोग आले. जे मारलं ते वहीत आलं. फेब्रुवारीत नमुना गेला. अहवाल स्वच्छ आला. यादीतलं काहीही मर्यादेच्या वर नव्हतं. व्यापाऱ्यानं विसार दिला, माल भरला, कंटेनर गेला. आबांनी नव्या मोटारीचे पैसे मनात बाजूला काढून ठेवले.

एप्रिलमध्ये व्यापाऱ्याचा फोन आला. माल तिकडे अडकला होता. आबांचाच नव्हे, महाराष्ट्रातल्या कितीतरी कंटेनरांची तीच गत झाली होती. द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडलं होतं.

गावात हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. कुठून आलं, कुणी मारलं, कुणाला कळेना. पेपरात बातमी आली तेव्हा आबा पेपर घेऊन औषधांच्या खोलीत गेले. कोपऱ्यात जुना डबा होता. चष्मा पुसून त्यांनी त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली. सीसीसी ते हेच. मे महिन्यात वेलीवर मारलेलं औषध वेलीनं टाकून दिलं नव्हतं. ते तिच्या लाकडात मुरून बसलं होतं आणि नऊ महिन्यांनी मण्यांत उतरलं होतं. प्रयोगशाळेनं खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या यादीत हे नावच नव्हतं, आणि नेहमीच्या तपासणीत ते दिसतही नाही, त्याची पद्धत वेगळी लागते. विचारलंच नव्हतं, म्हणून उत्तर आलं नव्हतं.

युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्राम. म्हणजे बारा-तेरा टनांच्या कंटेनरात सगळं मिळून पाऊण ग्रामसुद्धा नाही. दोन चिमटी मीठ घ्या आणि ते तेरा हजार किलोंत वाटा, तसा हिशेब. त्यावरून गावच्या सोसायटीच्या ओट्यावर मोठा वाद पेटला. कुणी म्हणालं, ही गोऱ्यांची चाल आहे. कुणी म्हणालं, हेच औषध ते स्वतः गव्हावर मारतात, गहू लोळू नये म्हणून, आणि तिथं मर्यादा कितीतरी सैल ठेवतात. हे खोटं नव्हतं. युरोपात धान्यासाठीची मर्यादा खरोखरच सैल आहे. कुणी म्हणालं, यादी करणाऱ्यांचा दोष. त्यातही तथ्य होतं. आबाही बोलले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलले. घरी आले तेव्हा त्यांचा घसा बसला होता.

आजींनी पाणी दिलं. मग वही आणून पुढ्यात ठेवली.

"मे म्हैन्याचं पान काढा," त्या म्हणाल्या.

आबांनी पान काढलं. त्या आठवड्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. पान स्वच्छ होतं. अहवालही तसाच स्वच्छ होता. दोन्ही कागद खरे होते, आणि माल बंदरात पडून होता. आबा नातीला म्हणाले, "पोरी, लबाडी केली असती तर बरं वाटलं असतं. निदान चूक कुठं झाली ते बोट ठिवून दाखवता आलं असतं."

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर आबांनी ती कदाचित सोपेपणानं सांगितली असती. पण अर्धा एकर माल अजून वेलीवर होता. परदेशाचा रस्ता बंद झाल्यावर गावठी बाजाराचे व्यापारी आले. भाव निम्म्याखाली. माल कापायला गडी येणार, त्याच्या आदल्या रात्री आजींनी विचारलं, "तिकडच्या पोरांना चालत न्हाई ते हिकडच्या पोरांना कसं चालतं?"

नात मध्येच म्हणाली, "त्या सुट्टीत आजीनं मला बागेत द्राक्षं खाऊ दिली नव्हती. मी रडले होते. आठवतंय मला."

"तीच ती साल."

"मग तुम्ही काय केलं? दिला माल?"

आबांनी खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यावरून शेवटच्या बसेस चालल्या होत्या.

"दिला. बँकेचं कर्ज होतं. खोटं कशाला सांगू?"

मला ही गोष्ट ज्यांनी सांगितली त्यांनी इथं आबांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. म्हणाले, इतक्याशा अंशानं कुणाला काही होत नसतं, ती मर्यादा विषाची नव्हती, परवानगीची होती. ते खरंही असेल. पण आबांनी स्वतः ही सबब सांगितली नाही, म्हणून आपणही ती सांगू नये.

पुढच्या हंगामापासून ते औषध तपासणीच्या यादीत आलं. नोंदवहीत त्याची विचारणा होऊ लागली. रकाना आला. लोकांनी ते औषध सोडलं, वेली रोखायचे दुसरे मार्ग शोधले, शेंडे मारले, पाणी तोडलं. द्राक्षं पुन्हा युरोपला जाऊ लागली. आबांच्या घरी आणखी एक गोष्ट झाली. त्यांनी नवी वही घेतली आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला पट्टीनं एक उभी रेघ मारली. छापील रकान्यांच्या पलीकडं बोटभर जागा. तिला नाव दिलं नाही.

नात उठली. माळ्यावर चढून तिनं पोतं खाली काढलं. रात्रीचे बारा वाजले होते. लेक जागी होऊन दारात आली आणि काही न बोलता परत गेली. आबांनी सुतळी सोडली. २०१० नंतरच्या वह्या वरच होत्या.

उजव्या कडेच्या जागेत बारीक, तिरकं अक्षर होतं. 'शेजारच्या बागेत फवारणी, वारं आमच्याकडं, पूर्वेच्या चार ओळी.' 'विहीर आटली, टँकरचं पाणी दिलं, पाणी कुठलं विचारलं, सांगितलं नाही.' 'दुकानदारानं पुडी फुकट दिली, मारली नाही, ठेवली आहे.' 'तोडणीची एक बाई, हाताला जखम, आज पेट्या पुसायला लावली.' 'बुरशीनाशक जास्त झालं, माझी चूक, दोन ओळी निर्यातीतून काढल्या.' पाच-सहा वर्षांच्या वह्यांत असंच होतं. एका पानावर औषधाचं काहीच नव्हतं. कडेला लिहिलं होतं, 'हिला मिरजेला दवाखान्यात नेलं. फवारणी नाही.' त्यानंतर वीस दिवस पान कोरं, आणि मग पुन्हा नोंदी सुरू.

नातीनं ते पान उलटलं नाही. आबांनीच उलटलं.

"हे कुणी तपासायचं का?" तिनं विचारलं.

"कोण तपासणार? रकान्याच्या बाहेरचं कोण वाचतंय? ती इचारायची. ती गेल्यावर मीच मला इचारत गेलो."

मग ते आडवे झाले. काय कर, काय करू नको, यातलं काहीच त्यांनी नातीला सांगितलं नाही. थोड्या वेळानं घोरूही लागले.

सकाळी नातीनं कचेरीत फोन केला. साहेबांना तिनं सांगितलं, सही करणार नाही, पेट्यांतून पुन्हा नमुना घ्यायचा आहे, शिवाय ती रिकामी बाटलीही तपासणीला पाठवायची आहे. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, अहवाल स्वच्छ आहे ना? ती म्हणाली, आहे. वही बरोबर आहे ना? आहे. मग अडचण काय? ती म्हणाली, "अडचण वहीच्या बाहेर आहे." साहेबांनी हिशेब मांडला. तपासणीचा खर्च, शीतगृहाचं भाडं, हुकलेली बोट. पुढची बोट आठवड्यानं होती. बराच वेळ फोनवर दोघंही गप्प होते. शेवटी ते म्हणाले, "कर. पण चुकलीस तर माझ्यासमोर येऊन सांग."

चार दिवसांनी निकाल आला. द्राक्षांत काही नव्हतं. बाटलीच्या तळाशी जे थेंब उरले होते त्यांत समुद्रशेवाळाचा अर्क होता, कीटकनाशकाचा मागमूस नव्हता. शेतकऱ्यानं जे सांगितलं होतं ते खरं निघालं.

नात साहेबांसमोर उभी राहिली आणि तिनं सांगितलं. साहेब म्हणाले, "बरं." मग तिनं शेतकऱ्याला फोन केला. तो रागावला होता आणि त्याला रागवायचा हक्क होता. म्हणाला, "मी सांगितलं होतं न्हवं मॅडम? गरिबाच्या शब्दावर इश्वास न्हाई. इमानदारीनं खरं बोललो, त्याची ही शिक्षा." ती म्हणाली, "विश्वास नसता तर मी तुमची बाग सोडून दिली असती." त्यानं फोन ठेवला. कंटेनर एक आठवडा उशिरा गेला. तोवर तिकडचा भाव किलोमागं काही पैशांनी उतरला. ते नुकसान कंपनीनं आणि शेतकऱ्यानं वाटून घेतलं, आणि दोघंही खूश नव्हते.

संध्याकाळी तिनं आबांना सगळं सांगितलं. म्हणाली, "माझा संशय खोटा ठरला, आबा."

आबांनी कात्रीला तेल घालत विचारलं, "बाटलीत काय हाय ते आता ठावं झालं ना?"

"झालं."

"मग?"

तिला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे कुणालाच सुचू नये अशी ती जागा आहे. आपण गुणवत्ता म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर अहवाल असतो, शिक्का असतो, मर्यादेच्या आतला आकडा असतो. ते सगळं हवंच. २००३ च्या आधी तेही नव्हतं आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. पण यादी माणसंच करतात, आणि माणसांना काल जे चुकलं तेवढंच आज विचारायला सुचतं. उद्याची चूक यादीच्या बाहेर बसलेली असते. तिथं एखादी अक्षरओळख नसलेली बाई 'लिवलं का?' म्हणून विचारत असेल, तर ती त्या मालाची खरी तपासनीस. हे फक्त द्राक्षांचं नाही. शाळेचा निकाल, औषधाची बाटली, पुलाचा नकाशा, कुठंही रकान्यापलीकडची बोटभर जागा कोरी असते आणि ती भरायला कुणी पगार देत नाही.

हंगाम संपला. विजापूरच्या शेतकऱ्याचा पुढं फोन आला नाही. बागेची नोंदणी तो दुसऱ्या कंपनीकडे करणार असं नातीच्या कानावर आलं. तिला वाईट वाटलं, पण ती काही बोलली नाही. तळ्याकाठच्या गाडीवरची काळी द्राक्षं जाऊन आंबे आले. पोरगा आता आंबे पुसू लागला.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, नातीचा फोन वाजला. पलीकडे पंपाचा आवाज येत होता. विजापूरचाच शेतकरी होता. इकडचं तिकडचं बोलला, पाऊस लवकर येईल म्हणाला. मग म्हणाला, "मॅडम, आज सकाळी येलीला एक नवं औषध मारलं. पाकिटावरचं नाव वाचून दाखवू का? वहीत कुटं लिवायचं त्ये कळंना."